विंडोज सर्व्हिसमधील एचटीटीपी-लिसनर : दीर्घ वापरानंतरचे परीक्षण

पडद्यामागे अखंड चालणाऱ्या विंडोज सर्व्हिसला बाहेरून कोणी तरी काही विचारावे, अशी गरज कधी ना कधी निर्माण होतेच. रात्रभर फायली हलवणारी, छपाईची रांग सांभाळणारी किंवा वजनकाट्याचे आकडे वाचून डेटाबेसमध्ये लिहिणारी सर्व्हिस वर्षानुवर्षे मुकाट्याने काम करत असते. मग एके दिवशी दुसऱ्या एखाद्या प्रणालीला तिच्याकडून ‘शेवटची फाइल केव्हा गेली’ एवढेच उत्तर हवे असते, किंवा यंत्र सांभाळणाऱ्या माणसाला ‘हे काम पुन्हा कर’ असे ब्राउझरमधून सांगता यायला हवे असते. एवढ्यासाठी आयआयएस हा मायक्रोसॉफ्टचा वेब सर्व्हर बसवायचा, त्याचा ॲप्लिकेशन पूल सांभाळायचा आणि दोन वेगळ्या प्रोसेसमध्ये माहितीची ने-आण करायची, हा खटाटोप कामाच्या मानाने फार जड होतो. डॉटनेट या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रामिंग-मंचातील एचटीटीपी-लिसनर हा क्लास नेमका या जागेसाठी उपयोगी पडतो, आणि गेली अनेक वर्षे मी तो अशाच सर्व्हिसमध्ये वापरत आलो आहे.

माझे मत सुरुवातीलाच नोंदवतो. विनंती स्वीकारणे, ती वाचायला देणे आणि उत्तर परत पाठवणे ही कामे हा क्लास चोख करतो, आणि त्या बाबतीत त्याने मला कधीही अडचणीत आणलेले नाही. मात्र सर्व्हिसचे सुरू होणे, तिचे थांबणे, ती ज्या खात्याखाली चालते ते खाते आणि त्या खात्याचे अधिकार यांच्याशी त्याचा काही संबंध नाही. दोन्हींचा सांधा जुळवण्याची जबाबदारी पूर्णपणे प्रोग्रामरवर येते. वापरताना येणारे जवळजवळ सगळे त्रास या सांध्यावरच उभे राहतात, म्हणून या परीक्षणाचा मोठा भाग त्यालाच दिला आहे.

हा क्लास समजून घेण्याची किल्ली एकाच गोष्टीत आहे : पोर्टवर, म्हणजे जाळ्यावरील जोडण्या ज्या क्रमांकाच्या दाराशी येतात तेथे, आपली सर्व्हिस ऐकतच नसते. ऐकतो तो विंडोजच्या कर्नलमधील, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातील, ‘एचटीटीपी डॉट सिस’ नावाचा ड्रायव्हर. विंडोज सर्व्हर २००३ आणि आयआयएस ६ यांच्याबरोबर तो आला. डॉटनेट फ्रेमवर्क २.० मध्ये, म्हणजे २००५ साली, एचटीटीपी-लिसनर हा क्लास त्या ड्रायव्हरवर बसवलेले पातळ आवरण म्हणून दाखल झाला. आपला कोड ड्रायव्हरला फक्त एवढेच कळवतो की अमुक पत्त्याने सुरू होणाऱ्या विनंत्या माझ्या रांगेत टाक. जोडणी स्वीकारणे, हेडर वाचणे, चुकीच्या रचनेची विनंती परस्पर परत पाठवणे, जोडणी जिवंत ठेवणे ही सारी कामे कर्नलमध्ये होतात, आणि रांगेत आलेली तयार विनंती तेवढी आपल्या हाती पडते.

याचा पहिला पुरावा, कोणते पोर्ट कोणाकडे आहे हे दाखवणारा नेटस्टॅट हा आदेश चालवला की लगेच दिसतो. आपली सर्व्हिस ८०८५ पोर्टवर उत्तरे देत असते, पण त्या पोर्टसमोर प्रोसेस क्रमांक दिसतो ४, म्हणजे ‘सिस्टम’. हे प्रथम पाहणारा माणूस गोंधळतो आणि दुसऱ्याच कुठल्या प्रोग्रामने पोर्ट बळकावले असावे अशी शंका घेतो. खरी माहिती हवी असेल तर जाळ्याची सेटिंग पाहण्या-बदलण्याच्या नेटएसएच या आदेशाच्या एचटीटीपी विभागात ‘शो सर्व्हिसस्टेट’ विचारावे. तेथे प्रत्येक रांग, तिच्यावर नोंदलेले पत्ते आणि त्या रांगेमागची खरी प्रोसेस अशी सगळी माहिती मिळते. माझ्या मते हा आदेश या क्लासच्या वापरकर्त्याला पहिल्याच दिवशी माहीत असायला हवा.

दुसरा परिणाम फायरवॉलमध्ये दिसतो. ‘या प्रोग्रामला बाहेरून येणाऱ्या जोडण्या घेऊ द्या’ असा नियम आपल्या एक्झी फाइलच्या नावाने केला तर तो लागू पडत नाही, कारण जोडणी त्या प्रोग्रामकडे येतच नाही. नियम पोर्टच्या क्रमांकावर करावा लागतो. त्याच यंत्रावरून सर्व काही चालते आणि दुसऱ्या यंत्रावरून काहीच चालत नाही, अशी तक्रार आली की मी सर्वांत आधी हा नियम तपासतो.

तिसरा परिणाम मात्र मोठ्या फायद्याचा आहे. पोर्ट ड्रायव्हरच्या ताब्यात असल्यामुळे एकाच पोर्टवर अनेक प्रोसेस सुखाने नांदू शकतात. अट एवढीच की प्रत्येकीचा पत्ता वेगळा हवा. आयआयएसवर एखादे संकेतस्थळ ४४३ पोर्टवर चालू असतानाच माझी सर्व्हिस त्याच पोर्टवर आपला वेगळा मार्ग नोंदवून बसते, आणि बाहेरच्या कोणाला दोन वेगळे प्रोग्राम उत्तरे देत आहेत याचा पत्ताही लागत नाही. बाहेरच्या जाळ्याकडून नवे पोर्ट उघडून घेणे जेथे महिनोन्महिने लांबते, तेथे ही सोय अमूल्य आहे.

अधिकारांचा प्रश्न हा या क्लासमधील सर्वांत जास्त वेळ खाणारा भाग आहे. प्रोग्रामर आपल्या यंत्रावर व्हिज्युअल स्टुडिओ ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडतो, कोड चालवतो, ब्राउझरमध्ये उत्तर येते, आणि काम झाले असे त्याला वाटते. तोच कोड सर्व्हिस म्हणून ‘नेटवर्क सर्व्हिस’ या मर्यादित खात्याखाली चालवला की स्टार्ट ही मेथड त्रुटी क्रमांक ५ देऊन कोसळते, म्हणजे प्रवेश नाकारला जातो. पत्ता नोंदवण्याचा अधिकार त्या खात्याला आधी द्यावा लागतो, आणि तो देण्यासाठी नेटएसएचमधून यूआरएल-एसीएलची नोंद करावी लागते. विंडोज व्हिस्टापूर्वी हेच काम एचटीटीपी-सीएफजी या वेगळ्या साधनाने होत असे. ही नोंद एकदाच करायची असते व ती यंत्र पुन्हा सुरू केल्यावरही टिकते, म्हणून तिची जागा इन्स्टॉलरमध्ये आहे. सर्व्हिसच्या कोडमधून ती करण्याचा प्रयत्न करू नये, कारण ती नोंद करण्याइतका अधिकार सर्व्हिसजवळ असेल तर नोंदीची गरजच उरत नाही.

येथे एक मोह प्रत्येकाला होतो, आणि त्याबद्दल मी आग्रहाने लिहितो. सर्व्हिस ‘लोकल सिस्टम’ खात्याखाली चालवली की त्रुटी ५ तत्काळ नाहीशी होते, कारण त्या खात्याला यंत्रावर जवळजवळ सर्व अधिकार असतात. पण ज्या प्रोसेसमध्ये आपण जाळ्यावरून येणारा मजकूर वाचणार आहोत, तिच्या हाती संपूर्ण यंत्राच्या किल्ल्या देणे ही धोकादायक तडजोड आहे. विनंतीतील फाइलचे नाव नीट न तपासण्यासारखी एखादी साधी चूक मर्यादित खात्याखाली मर्यादित नुकसान करते. लोकल सिस्टमखाली त्याच चुकीने सगळे यंत्र उघडे पडते. विंडोज ७ आणि सर्व्हर २००८ आर-२ पासून प्रत्येक सर्व्हिसला तिच्याच नावाचे आभासी खाते मिळू शकते, ज्याला पासवर्ड सांभाळावा लागत नाही. यूआरएल-एसीएल त्या खात्याच्या नावे करणे हा मला सर्वांत नेटका मार्ग वाटतो. नोंद सर्वांसाठी खुली करायचीच असेल, तर वेगवेगळ्या भाषांतील विंडोजवर ‘एव्हरीवन’ या गटाचे नाव बदलते हे लक्षात ठेवावे आणि नावाऐवजी एसडीडीएल या अधिकार लिहिण्याच्या सांकेतिक पद्धतीने सुरक्षा-ओळख क्रमांक द्यावा. इन्स्टॉलर एका भाषेच्या यंत्रावर चालतो आणि दुसऱ्या भाषेच्या यंत्रावर अडतो, असे मग होत नाही.

पत्ता लिहिण्याच्या पद्धतीतही बारकावे आहेत. पत्ता तिरप्या रेघेनेच संपला पाहिजे. न संपल्यास क्लास तो घेतच नाही. यजमानाच्या, म्हणजे पत्त्यातील यंत्राच्या नावाच्या, जागी + चिन्ह दिले तर त्या पोर्टवर कोणत्याही नावाने आलेली विनंती आपल्याकडे येते, आणि * चिन्ह दिले तर दुसऱ्या कोणी न घेतलेल्या विनंत्या तेवढ्या येतात. + साठी केलेली नोंद * ला चालत नाही, त्यामुळे कोडमध्ये एक चिन्ह आणि इन्स्टॉलरमध्ये दुसरे असा घोळ झाला की पुन्हा त्रुटी ५ समोर येते आणि ‘नोंद तर केलेली आहे’ असे म्हणत माणूस तासन्‌तास शोधत बसतो. यजमानाच्या जागी ‘लोकलहोस्ट’ लिहिले तर फक्त त्याच नावाने आलेली विनंती स्वीकारली जाते. आयपी पत्त्याने हाक मारल्यास ड्रायव्हर स्वतःच ४०० क्रमांकाचे, ‘यजमानाचे नाव अवैध’ अशा अर्थाचे उत्तर देतो. हे उत्तर आपल्या लॉगमध्ये उमटत नाही, कारण ती विनंती आपल्यापर्यंत पोचलेलीच नसते.

याच कारणाने सुरुवातीच्या इतर दोन त्रुटींमधला फरकही नीट ओळखता आला पाहिजे. क्रमांक १८३ आला तर तोच पत्ता याच ड्रायव्हरकडे दुसऱ्या कोणी आधी नोंदवलेला असतो, आणि बहुतेक वेळा ती आपल्याच सर्व्हिसची, चाचणीसाठी कन्सोलमध्ये चालू राहिलेली दुसरी प्रत असते. क्रमांक ३२ आला तर ड्रायव्हरच्या बाहेरच्या, स्वतःचे सॉकेट उघडणाऱ्या एखाद्या प्रोग्रामने ते पोर्ट घेतलेले असते. ३२ चा संदेश ‘फाइल दुसऱ्या प्रोसेसकडून वापरात आहे’ असा असतो. येथे कोणतीही फाइल नसते, त्यामुळे हा संदेश वाचून माणूस भलतीकडेच शोध घेऊ लागतो.

आता सर्व्हिसच्या सुरू होण्याकडे वळतो. सर्व्हिस सुरू करताना बोलावली जाणारी ऑनस्टार्ट ही मेथड ३० सेकंदांच्या आत परतली पाहिजे, असा सर्व्हिसच्या बाजूचा नियम आहे. विनंतीची वाट पाहणारे चक्र थेट तिच्यातच लिहिले तर ती कधीच परतत नाही, आणि सर्व्हिस सुरूच झाली नाही असा निर्वाळा विंडोज देते. म्हणून ऑनस्टार्टमध्ये लिसनर सुरू करावा आणि वाट पाहण्याचे चक्र वेगळ्या थ्रेडवर किंवा टास्कमध्ये, म्हणजे समांतर चालणाऱ्या कामात, सोडावे. लिसनर सुरू करण्याची ओळ मात्र ऑनस्टार्टमध्येच ठेवावी, असे माझे ठाम मत आहे. ती ओळ टास्कमध्ये ढकलली की अधिकार नसल्याची त्रुटी त्या टास्कमध्येच गडप होते, आणि सर्व्हिसच्या यादीत ‘चालू’ असा शब्द दिसत असताना प्रत्यक्षात पोर्टवर कोणीच नसते. ती ओळ ऑनस्टार्टमध्ये असेल तर त्रुटी इव्हेंट लॉगमध्ये नोंदली जाते, सर्व्हिस सुरू होण्यास नकार देते, आणि चूक ज्या क्षणी झाली त्याच क्षणी दिसते. ‘एचटीटीपी’ या ड्रायव्हरवर आपली सर्व्हिस अवलंबून आहे असे, सर्व्हिसची सेटिंग बदलणाऱ्या एससी या आदेशाने, नोंदवून ठेवणेही हिताचे आहे. त्यामुळे यंत्र सुरू होताना क्रम चुकत नाही. सर्व्हिसची चालू निर्देशिका विंडोजचे सिस्टम३२ हे फोल्डर असते हे तर सर्व्हिस लिहिणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी कळतेच. उत्तरात पाठवायच्या फायली सापेक्ष मार्गाने उघडू नयेत, एवढेच सांगून पुढे जातो.

माझ्या अनुभवातील सर्वांत गंभीर प्रसंग सुरुवातीचा नव्हता. सुरळीत चालू असलेली सर्व्हिस कोणालाही न कळता बहिरी झाली, तो प्रसंग मला अजून स्पष्ट आठवतो. माझ्या एका सर्व्हिसमध्ये विनंती घेणे आणि उत्तर लिहिणे ही दोन्ही कामे एकाच चक्रात होती. एका ग्राहक-प्रोग्रामने उत्तराची वाट न पाहता जोडणी तोडली. उत्तर लिहिताना ‘जाळ्यावरील नाव आता उपलब्ध नाही’ या अर्थाची, ६४ क्रमांकाची त्रुटी उद्भवली, आणि ती कोणीही न पकडल्यामुळे वाट पाहणारे चक्रच संपले. चक्र टास्कमध्ये होते, आणि डॉटनेट ४.५ पासून टास्कमधील न पाहिलेली त्रुटी प्रोसेसला खाली आणत नाही. सर्व्हिस ‘चालू’ होती, फायली हलवण्याचे तिचे मुख्य कामही व्यवस्थित चालले होते, फक्त तिचे कान बंद झाले होते.

या अवस्थेत बाहेरून काय दिसते, ते पोर्ट कर्नलच्या ताब्यात असण्याशी थेट जोडलेले आहे. पोर्ट उघडे असते, जोडणी लागते, विनंती स्वीकारली जाते आणि रांगेत जाऊन बसते. ती उचलायला कोणी नसल्यामुळे ग्राहक आपली मुदत संपेपर्यंत ताटकळतो. डॉटनेटच्या एचटीटीपी-क्लायंटची स्वतःची मुदत १०० सेकंद असते, तेव्हा पलीकडच्या प्रणालीला आधी फक्त ‘संथपणा’ जाणवतो. रांगेची मर्यादा १००० विनंत्यांची असते. ती भरली तर ड्रायव्हर परस्पर ५०३, म्हणजे ‘सेवा उपलब्ध नाही’, हे उत्तर देऊ लागतो आणि त्याची नोंद सिस्टम३२ मधील लॉगफाइल्सच्या ‘एचटीटीपीईआरआर’ या फोल्डरमध्ये करतो. पोर्ट उघडे आहे का एवढेच पाहणारी देखरेख या सर्व काळात सर्व काही ठीक असल्याचे सांगत राहते. त्या प्रसंगानंतर माझ्या प्रत्येक सर्व्हिसमध्ये प्रकृती विचारण्याचा एक स्वतंत्र पत्ता असतो, आणि देखरेख करणारी प्रणाली तेथे खरी विनंती पाठवून खऱ्या उत्तराची पाच सेकंद वाट पाहते.

कोडमधील दुरुस्ती दोन पातळ्यांवर करावी लागली. विनंती घेणारे चक्र फक्त विनंती घेते आणि ती लगेच दुसऱ्या टास्ककडे सोपवते; एका विनंतीतील कोणतीही त्रुटी त्या विनंतीपुरतीच राहते, आणि एका वेळी किती विनंत्या हाताळायच्या याला सेमाफोरने (एका वेळी ठरावीक कामांनाच आत सोडणाऱ्या कुलपाने) मर्यादा घातलेली असते. आणि चक्र स्वतःच अनपेक्षित कारणाने संपले तर प्रोसेस मुद्दाम अपयशाच्या संकेतांकासह संपवली जाते, म्हणजे सर्व्हिसच्या पुनर्प्राप्तीच्या सेटिंगनुसार विंडोज ती पुन्हा सुरू करते. हे कठोर वाटेल, पण बहिऱ्या सर्व्हिसपेक्षा पुन्हा सुरू झालेली सर्व्हिस कितीतरी बरी. लिहिताना येणाऱ्या त्रुटी दुर्लक्षित करण्याचा एक गुणधर्म या क्लासमध्ये आहे, आणि तो चालू केला की ६४ किंवा १२२९ अशा तुटलेल्या जोडण्यांच्या त्रुटी येत नाहीत. तो उपयोगी असला तरी मी त्याच्यावर भिस्त ठेवत नाही, कारण चक्र संपण्याची कारणे तेवढीच नसतात. तसेच प्रत्येक उत्तर शेवटी बंद केलेच पाहिजे. एखाद्या वाटेवर ते बंद करायचे राहून गेले की ती जोडणी लोंबकळत राहते आणि दोष ग्राहकाचा आहे असे भासते.

थांबण्याची बाजू तुलनेने सोपी आहे, पण तीही आपणच हाताळायची असते. स्टॉप ही मेथड बोलावली की वाट पाहणारी हाक ९९५ क्रमांकाच्या त्रुटीने किंवा ‘वस्तू नष्ट झाली आहे’ या अर्थाच्या त्रुटीने परतते. आपण स्वतः थांबवत असताना आलेली ही त्रुटी म्हणजे व्यवस्थित थांबणे होय, आणि एरवी आलेली तीच त्रुटी म्हणजे बिघाड. म्हणून थांबवण्याआधी एक खूण ठेवावी आणि त्रुटी पकडल्यावर आधी ती खूण पाहावी. अन्यथा वर सांगितलेली ‘प्रोसेस संपवा’ ही तजवीज प्रत्येक नेहमीच्या थांबण्याच्या वेळी चालेल. स्टॉप हाती असलेल्या विनंत्याही तोडून टाकते, हे ज्यांना ठाऊक नसते त्यांच्या ग्राहकांना अर्धवट उत्तरे मिळतात. माझी पद्धत अशी आहे की थांबण्याचा आदेश आल्यावर नव्या विनंत्यांना सर्व्हिस स्वतः ५०३ उत्तर देऊ लागते, हाती असलेल्या विनंत्या पूर्ण होण्यासाठी काही सेकंद थांबते, विंडोजकडे वाढीव वेळ मागते, आणि मगच लिसनर बंद करते.

एचटीटीपीएसच्या, म्हणजे सुरक्षित एचटीटीपीच्या, बाबतीत हा क्लास नव्या माणसाला चकित करतो, कारण त्यात सर्टिफिकेट द्यायला जागाच नाही. सर्टिफिकेट यंत्राच्या वैयक्तिक संचात, खाजगी किल्लीसह, बसवावे लागते, आणि मग नेटएसएचने आयपी पत्ता व पोर्ट यांना त्याचा ठसा, म्हणजे त्याची ओळख पटवणारा क्रमांक, जोडावा लागतो. सर्टिफिकेट वापरकर्त्याच्या संचात गेले किंवा त्याच्याबरोबर खाजगी किल्ली आली नाही, तर ही ठशाची जोडणी करताना १३१२ क्रमांकाची त्रुटी येते. तिचा संदेश लॉगऑन सत्राविषयी बोलतो, सर्टिफिकेटचा उल्लेखही करत नाही. खरी कसोटी पुढच्या नूतनीकरणाला लागते. नव्या सर्टिफिकेटचा ठसा वेगळा असतो, जुनी जोडणी जुन्याच ठशाला धरून राहते, आणि नवे सर्टिफिकेट यंत्रावर व्यवस्थित बसलेले असतानाही ग्राहकांना मुदत संपलेले सर्टिफिकेट मिळत राहते. नूतनीकरणाच्या स्क्रिप्टमध्ये जुनी जोडणी काढून नवी करण्याची पायरी नसेल तर हे घडणारच. दुसऱ्या बाजूने पाहता, खाजगी किल्ली सर्व्हिसच्या खात्याला वाचता येण्याची गरज पडत नाही, कारण सुरक्षित जोडणी जुळवणारे हस्तांदोलन कर्नलच्या बाजूला होते. मर्यादित खात्याखाली चालणाऱ्या सर्व्हिससाठी ही सुरक्षेची मोठी जमेची बाजू आहे, आणि तिचे श्रेय या रचनेला दिलेच पाहिजे.

अशीच दुसरी जमेची बाजू विंडोजच्या ओळखीची आहे. एका गुणधर्माने निगोशिएट किंवा एनटीएलएम ही विंडोजची ओळख पटवण्याची पद्धत ठरवून द्यावी, की संस्थेच्या जाळ्यातील वापरकर्त्याची ओळख पासवर्ड न विचारता विनंतीबरोबर हाती येते. कोणत्या पत्त्याला ओळख हवी आणि कोणत्याला नको हे विनंतीगणिक ठरवण्याची सोयही आहे. ‘हे काम पुन्हा कर’ हा आदेश कोणी दिला हे लॉगमध्ये खऱ्या नावानिशी उमटते. अंतर्गत वापराच्या सर्व्हिससाठी एवढ्या कमी कोडमध्ये एवढे मिळणे विरळा आहे.

मर्यादा थोडक्यात सांगतो. पत्त्याच्या दोन तिरप्या रेघांमधील भाग २६० अक्षरांहून लांब असेल तर ड्रायव्हर तो परस्पर नाकारतो, म्हणून लांब मजकूर पत्त्यात न घालता विनंतीच्या अंगात, म्हणजे हेडरनंतरच्या मुख्य मजकुरात, पाठवावा. रजिस्ट्रीतून ही मर्यादा वाढवता येते, पण ती संपूर्ण यंत्रासाठी वाढते. विनंतीच्या अंगाचा आकार मात्र आपणच तपासायचा असतो, आणि लांबी आधी कळवलेली नसेल तर ती −१ अशी दिसते, तेव्हा केवळ तो आकडा पाहून भागत नाही. वाचता वाचता मोजावे लागते. मार्ग ठरवणे, जेसन (मजकूर-रूपात लिहिलेला डेटा) वाचणे, चुकीच्या आशयाची विनंती परतवणे यांपैकी काहीही तयार मिळत नाही. चार-पाच पत्त्यांपर्यंत हे सुसह्य आहे. पंधरा-वीस पत्ते झाले की हाताने लिहिलेला अर्धामुर्धा फ्रेमवर्क तयार होतो, आणि तो पुढे सांभाळण्याची पाळी दुसऱ्याच कोणावर येते. जुन्या काळी यावर उपाय म्हणून ओविन या वेब-प्रोग्राम जोडण्याच्या पद्धतीचा स्वयं-यजमान (आयआयएसशिवाय आपल्याच प्रोसेसमध्ये चालणारा सर्व्हर) वापरला जाई. तोही एचटीटीपी-लिसनरवरच बसवलेला असल्यामुळे अधिकारांचे व सर्टिफिकेटचे वरील सर्व नियम त्यालाही तसेच लागू होतात.

आज नव्याने सर्व्हिस लिहायची असेल तर निवड वेगळी करावी लागेल. डॉटनेट कोअर ३.० पासून, म्हणजे २०१९ पासून, सामान्य होस्टला, म्हणजे प्रोग्राम सुरू करून सांभाळणाऱ्या तयार आवरणाला, एका ओळीत विंडोज सर्व्हिस म्हणून चालवता येते, आणि त्यात केस्ट्रल हा वेब सर्व्हर सर्व्हिसच्या स्वतःच्या प्रोसेसमध्ये चालतो. सुरू होण्याचा व थांबण्याचा सांधा होस्टच जुळवतो, फायलींची मूळ निर्देशिका सिस्टम३२ न राहता प्रोग्रामची होते, यूआरएल-एसीएल लागत नाही, सर्टिफिकेट सेटिंगच्या फाइलमधून देता येते, मार्ग व जेसन यांची सोय तयार असते, आणि नेटस्टॅटमध्ये आपल्याच प्रोसेसचा क्रमांक दिसतो. एचटीटीपी-लिसनरभोवती मी हाताने उभे केलेले निम्मे काम येथे आयते मिळते. एक जागा मात्र येथेही जपावी लागते. डॉटनेट ६ पासून पार्श्वभूमीतील कामात न पकडलेली त्रुटी आली तर होस्ट थांबतो, पण तो ‘व्यवस्थित’ थांबल्यासारखा थांबतो, आणि विंडोजला तो बिघाड वाटत नसल्यामुळे पुनर्प्राप्तीची कृती होतच नाही. त्रुटी पकडून प्रोसेस शून्येतर संकेतांकाने संपवावी लागते. सर्व्हिस बहिरी होण्याचा जुना प्रश्न येथे सर्व्हिस कायमची थांबण्याच्या रूपाने परत येतो.

माझ्याकडील जुन्या सर्व्हिस डॉटनेट फ्रेमवर्कवर आहेत, त्यांच्या दाराशी चारच पत्ते आहेत आणि त्या व्यवस्थित चालतात. त्यांतील एचटीटीपी-लिसनर काढण्याचे मला काही कारण दिसत नाही. नव्या सर्व्हिस मी केस्ट्रलवर लिहितो. ज्या एका यंत्रावर ४४३ पोर्ट आयआयएसबरोबर वाटून घ्यावे लागते, तेथे नव्या सर्व्हिसलाही केस्ट्रल चालत नाही. त्या ठिकाणी एएसपी डॉटनेट कोअरचा एचटीटीपी डॉट सिसवर चालणारा सर्व्हर लावला आहे, आणि त्याच्या इन्स्टॉलरमध्ये यूआरएल-एसीएलची तीच जुनी ओळ, आभासी खात्याच्या नावासह, अजूनही लिहिलेली आहे.